मोकळं करा

ज्योत्स्नाला सिस्टर म्हणायचं की बाई, हे चौदा वर्षांत कुणाचंच ठरलं नाही. बंगलेवाले सिस्टर म्हणतात, वाडीवस्तीवरचे बाई म्हणतात, आणि सासरच्या भावकीत तिच्या माघारी तिला ‘कुत्र्यांची नर्स’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. नर्सिंगचा कोर्स करून ती आधी बारामतीतच एका बाळंतपणाच्या दवाखान्यात होती. तो बंद पडला तेव्हा दोन महिन्यांपुरतं म्हणून ती डॉक्टर राजलक्ष्मींच्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात आली, आणि ते दोन महिने अजून संपायचे आहेत.

यंदाचा जानेवारी तर अंगावरच आला. पिल्लांमध्ये जुलाब-उलट्यांची साथ, त्यात हाताखालची रेश्मा लग्न ठरलं म्हणून काम सोडून गेलेली. राहिले तिघं: डॉक्टर, ज्योत्स्ना आणि कुत्री धरायला महिपती. हा महिपती पूर्वी तालमीत होता, पण मांजर आलं की त्याला नेमका चहा आठवतो. सकाळी नऊला दार उघडलं की बाकावर रांग लागलेली असायची. कुणाच्या लॅब्राडोरला बदाम खाऊ घालून घालून पित्त झालेलं, कुणाचं पिल्लू रात्रीच गार पडलेलं आणि तरी मालक म्हणतोय, बघा काही होतंय का. त्या आठवड्यात चार पिल्लं गेली. ज्योत्स्नाचे पाय संध्याकाळी चपलेत मावत नसत. घरी गेल्यावर नवरा बुद्धघोष ताट वाढून समोर ठेवायचा आणि ती भिंतीला टेकून तशीच झोपायची.

आता त्या शब्दाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच आलं. डॉक्टर राजलक्ष्मी शहरात वाढलेल्या. नवीन असताना त्यांनी एका शेतकऱ्याला सरळ विचारलं होतं, इंजेक्शन देऊन मारायचं का कुत्रं? तो माणूस तडक उठला, तडफडतं कुत्रं उचलून चालता झाला, आणि ते बिचारं पुढे दोन दिवस त्याच्या दारात तडफडलं. तेव्हा ज्योत्स्नानं डॉक्टरांना समजावलं. मॅडम, आमच्याकडं असं म्हणत नाहीत. ‘मोकळं करू का त्याला?’ असं विचारायचं. ज्योत्स्ना शेळगावची, त्या मातीतली भाषा तिच्या कानात मुरलेली. डॉक्टर हा शब्द शिकल्या, माणसंही तोच बोलायला लागली. एखादा म्हातारा डोळे पुसत म्हणायचा, करा बाई मोकळं, आणि पुढचं कुणालाच बोलावं लागायचं नाही. दवाखान्यात ‘मारणे’ हा शब्द पिसवांपुरता उरला.

संमतीचा एक कागद होता. त्यावर ‘दयामरणास माझी संमती आहे’ असं छापलेलं. लांबच्या माणसाला सही करायला येणं जमत नसेल, तर ज्योत्स्नानं ते वाक्य फोनवर वाचून दाखवायचं आणि वहीत टिपायचं, असा डॉक्टरांचा नेम. सुरुवातीला ती वाचायची. पलीकडून विचारणा व्हायची, कसलं मरण म्हणलासा? मग दहा मिनिटं समजूत घालण्यात जायची आणि माणूस नव्यानं रडायला लागायचा. पुढे तिनं वाचणं सोडून दिलं. माणसाला जे एकदा कळलंय ते त्याच्या तोंडून परत कशाला वदवायचं, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर तिला तेवढं त्राणही राहिलेलं नव्हतं.

गेणबा आणि कुशाबाई हे म्हातारं जोडपं भवानीनगरच्या पलीकडे, शेतातल्या वस्तीवर राहतात. त्यांच्या कुत्र्याचं नाव चेअरमन. दिवसभर पुढच्या अंगणात खाटेवर पसरायचं, काम कुठलंच करायचं नाही आणि आल्यागेल्यावर गुरकवायचं, हे बघून कुशाबाईंनीच ते नाव ठेवलेलं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीनं त्याला उडवलं. केसपेपरवर नाव लिहिताना ज्योत्स्नाला हसू आलं होतं. एक्स-रे बघितल्यावर ते मावळलं. पाठीचा कणा दुखावलेला, मागचे पाय लुळे, लघवीला नळी. सहा दिवस तो पिंजऱ्यात सलाइनवर पडून होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गेणबांना समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. पाय परत येणार नाहीत. घरी नेलात तर रोज सगळं हातानं करावं लागेल, वर्षानुवर्षं. ते झेपत नसेल तर दुसरा मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. घरात विचारा आणि कळवा.

सातव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. बाकावर नऊ जण बसलेले, ज्योत्स्नाच्या एका हातात पिल्लाची सलाइनची नळी, फोन खांद्यात धरलेला.

“बाई, चेअरमनला मोकळं करा आता,” गेणबा म्हणाले. “लई दिस झालं. बघवत न्हाय.”

“घरात विचारलं का आबा?”

“व्हय. म्हातारीच मागं लागलीया, मोकळं करा म्हून. मी येतोच न्यायला दुपारपत्तूर.”

तिनं आणखी एकदा विचारलं, नक्की ना? गेणबा म्हणाले, नक्की. सगळं नेहमीसारखंच होतं. माणसं असंच बोलतात, आणि नंतर आपलं जनावर आपल्याच बांधाला पुरायचं म्हणून न्यायला येतात. तिनं वहीत लिहिलं: फोनवर संमती, घरच्यांशी बोलणं झालेलं. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या टेबलावरून मान वर न करता विचारलं, नीट विचारलंस ना? तिनं सांगितलं, विचारलं. ज्योत्स्नाच्या कानावर त्या स्वतःच्या कानापेक्षा जास्त भरवसा ठेवायच्या.

साडेबाराला त्यांनी ते केलं. त्या सकाळीच चेअरमननं सहा दिवसांत पहिल्यांदा तिच्या हातून दोन बिस्किटं खाल्ली होती. तिला ते आठवलं, वाईटही वाटलं, पण वाईट वाटण्यावर थांबायचं ठरवलं असतं तर हे काम तिनं केव्हाच सोडलं असतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आधी झोपेचं औषध दिलं गेलं, मग दुसरं. तो शांतपणे गेला. महिपतीनं त्याला धुतलेल्या चादरीत गुंडाळलं. पुढचा पेशंट आत आला.

दोनच्या सुमारास दारात पिकअप उभी राहिली. ज्योत्स्ना बाहेर गेली. मागच्या हौद्यात उसाचं पाचट गुडघाभर अंथरलेलं आणि त्यावर धुवून वाळवलेली वाकळ. मेलेल्या कुत्र्यासाठी एवढं मऊ अंथरूण केलेलं बघून तिला भरून आलं. गेणबा खाली उतरले, पटक्याचं टोक सारखं केलं आणि खिशातून घडी घातलेला कागद आणि पेन काढलं.

“दिसातनं कितींदा कूस बदलायची ते लिवून द्या,” ते म्हणाले. “आनि ती लगवीची नळी कशी धरायची ते दावा. म्हातारीनं समदं इचारून यायला सांगितलंय.”

ज्योत्स्नाला आधी ऐकूच आलं नाही, म्हणजे ऐकू आलं पण आत शिरलं नाही. मग तिची नजर परत पाचटावरच्या वाकळीकडे गेली. तिनं त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि आत आली. दाराला धरून तिनं डॉक्टरांना सांगितलं की आबा त्याला घरी न्यायला आलेत, जिवंत.

डॉक्टरांनी वही ओढून सकाळची नोंद वाचली. महिपती हलक्या आवाजात म्हणाला, “आपसूक गेलं म्हनून सांगू. म्हाताऱ्यालाबी सुख आनि आपल्यालाबी.” त्यात खोट काढण्यासारखं फारसं काही नव्हतं. अशी कुत्री आपसूक जातातच, कुणी विचारलं नसतं. डॉक्टरांनी महिपतीला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, मी बोलते त्यांच्याशी. पण शब्द ज्योत्स्नानं ऐकला होता, तिनंच दवाखान्यात आणला होता, आणि वाचायचा कागद तिनंच वाचला नव्हता. मीच सांगते, असं म्हणून ती परत बाहेर गेली. तिला धाडस वगैरे काही वाटत नव्हतं. तिला फक्त भयंकर थकवा आला होता, आणि ह्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून खोटं बोलायचं आणि मग ते जन्मभर सांभाळायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं.

तिनं त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. तुम्ही मोकळं करा म्हणालात आबा, आमच्याकडे त्याचा अर्थ असा घेतात, आणि मी तसा घेतला. गेणबा ऐकत होते. कागद-पेन हातातच होतं.

“म्हंजी मेला त्यो?”

“व्हय.”

“मग मीच सांगितलं व्हय तसं?”

ती नाही म्हणाली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते आपलं आपल्यालाच समजावून सांगायला लागले. आमी दिसभर खाटेलाच बांधून ठेवतो त्येला. सांज झाली की म्हातारी आतनं वरडती, चेअरमनला मोकळं करा. मग साखळी काढायची, की त्यो उसाकडनं एक फेरी मारून येतो. रोजचंच हाय. हितं पिंजऱ्यात नळ्यांनी बांधलाय म्हनून तिचा जीव वरखाली व्हत व्हता, तेच मी बोललो. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज अगदी बारीक झाला.

महिपतीनं चादरीतलं ओझं आणून वाकळीवर ठेवलं. पण गेणबा उठेनात. पिकअपवाला त्यांच्या शेजारचाच होता, त्यानं दोनदा हाक मारली. डॉक्टर बाहेर आल्या, हात जोडून माफी मागितली, कुठंही तक्रार करा, मी नाही म्हणणार नाही, असंही म्हणाल्या. 

“तक्रार कशाची,” गेणबा म्हणाले. “मी घरला कसा जाऊ त्ये सांगा. ती म्हनंल, न्यायला धाडलं आनि मारून आनलं.”

ज्योत्स्नानं डॉक्टरांकडे बघितलं. बाकावर अजून सहा जण होते, एका पिल्लाची बाटली संपत आली होती. डॉक्टरांनी एकदा त्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाल्या, जा तू, मी बघते.

पुढे गेणबा आणि पिकअपवाला बसले. ज्योत्स्ना मागे पाचटात बसली, एक हात चादरीवर ठेवून, म्हणजे खड्ड्यात गाडी उसळली तरी ते घसरायला नको. भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. बरं वाटेल असं एकही जुळेना. चौदा वर्षांत आपण किती जणांना हा शब्द विचारला आणि त्यातल्या प्रत्येकाला तो तसाच कळला असेल का, हा विचार तिच्या मनात आला. असा कुणी परत आलेला तिला आठवत नव्हता. पण कुणी परत आला नाही म्हणून तसा कुणी नव्हताच, असं आता तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

वस्तीवर कुशाबाई अंगणातच उभ्या होत्या. गोठ्याच्या आडोशाला जागा झाडून पोतं अंथरलेलं, चुलीवर पाणी तापत ठेवलेलं. नर्सबाई सोबत आलेली बघून त्यांना बरंच वाटलं असावं, कारण त्या हसून पुढे आल्या, बाई सवता आल्या दावायला, असं म्हणत. ज्योत्स्ना पाचटातून खाली उतरली. वाटेत जुळवलेलं सगळं ती विसरली.

“आजी,” ती म्हणाली, “चेअरमन मेला. तुमचा कुत्रा मी मारला.”

कुशाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग हौद्याच्या फळीवरून हात घालून चादर बाजूला केली. चादर परत सारखी केली. मग वळून नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, “ह्यांनी सांगितलं व्हय, मारा म्हून?”

“न्हाय,” ज्योत्स्ना म्हणाली. “आबा न्यायला येतो म्हणाले होते. त्यांचं बोलणं बरोबर होतं. माझं ऐकणं चुकलं.”

तोवर फळीला धरून उभे असलेले गेणबा तिथंच मातीत बसले आणि पटका तोंडावर दाबून रडायला लागले.  कुशाबाई तिच्यासमोरून जाऊन नवऱ्याशेजारी बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ज्योत्स्नाला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. थोड्या वेळानं तिनं गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं टिकाव-खोरं उचललं. पण खड्डा कुठं घ्यायचा ते कुणाला विचारावं कळेना, म्हणून ती ते हातात धरून तशीच उभी राहिली.