रंग जुळणारा दोरा

परवा नातीनं इस्त्री फार तापवली, तिची ओढणी करपली, आणि वितळलेल्या पॉलिस्टरच्या वासानं मी थेट चिकलठाण्याच्या कारखान्यात जाऊन पोचले. तेव्हा मी डिझायनर होते, म्हणजे स्वतःला तसं समजत होते. रणगाड्यातल्या जवानांसाठी आग न पकडणाऱ्या कापडाचा पोशाख मी बेतला होता. दुसऱ्या दिवशी फौजी अधिकाऱ्यांसमोर त्याची परीक्षा होती, नापास झाला की माझं डिझाइन रद्द. तरी मी करवलीसारखी मिरवत होते. आमच्या म्हाताऱ्या कटिंग मास्तरांनी शिवण उलटी करून विचारलं, "बेटा, दोरा कुठला लावला?" मी म्हटलं, "रंग जुळणारा. दोऱ्याकडं कोण बघतंय, मास्तर?" चहाची शेगडी पेटवून त्यांनी खांद्याची शिवण ज्वाळेवर धरली. कापड जसंच्या तसं राहिलं, पण पॉलिस्टरचा दोरा वितळला आणि अख्खी बाही फरशीवर पडली. "जवान सलामत हाय," मास्तर म्हणाले, "बाही तेवढी शहीद झाली." तेवढ्यात कारखान्याचे साहेब आले आणि बाहीकडं बघतच राहिले. मास्तर शांतपणे म्हणाले, "मॅडमनी मुद्दाम जाळून बघितलं साहेब, म्हणून दोऱ्याची चूक सापडली." साहेबांनी मला शाबासकी दिली, मी ती लाजत लाजत घेतलीसुद्धा. मग संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळा पोशाख उसवून आगीत टिकणाऱ्या दोऱ्यानं पुन्हा शिवला. तो पास झाला, पेढे मी सगळ्यांना एकेक वाटले, आणि मास्तरांना दोन दिले. हे ऐकून नात म्हणाली, "आजी, शाबासकी तर त्यांची होती." मी म्हटलं, "व्हय, म्हणून तर दोन दिले."