हूली की हूला

आयर्लंडमधल्या कोनमाऱ्यातल्या एका शाळेत बायबीन नी खूलान ही शिक्षिका चौदा वर्षं शिशुवर्ग सांभाळत होती, तीही हंगामी. कायम व्हायचं तर आयरिशची लेखी परीक्षा पास होणं भाग होतं. दोनदा ती नापास झाली होती. आता तिसरी खेप, आणि शेवटची.

"जन्मल्यापासून जी भाषा बोलतेस, तिच्यातच गटांगळ्या?" नवरा ब्यार्टली सकाळी चहा ओतता ओतता म्हणाला होता.

"बोलताना कुठे बुडते रे? लिहिताना बुडते."

या खेपेला ती एका गुणावर अडली होती, आणि अशा उमेदवाराला बोलावून एक वाक्य दुरुस्त करून घ्यायची सोय होती. डब्लिनहून आलेल्या परीक्षक गेरोद मास्तरांनी तिच्यापुढे कागद सरकवला. 'सफरचंदं पिकली,' एवढंच वाक्य. त्यातल्या 'सफरचंदं'साठी तिनं आयरिशमध्ये लिहिलं होतं: ना हूली.

बायबीननं मनात उजळणी केली. मूळ शब्द ऊल, एक सफरचंद. पण त्याच्यापुढे कधी त येऊन बसतो, कधी न, कधी ह. तेच चुकलं असणार.

"ह बरोबर आहे ना, मास्तर?"

"ह बरोबर आहे. शेवट बघा."

"आमच्याकडे सगळे हूलीच म्हणतात. माझी आईसुद्धा."

"माहीत आहे. जुन्या पोथ्यांत तर हा शब्द उवल होता, आणि नपुंसकलिंगी. आज तसं लिहिलंत तरी मी काट मारणार. प्रमाण रूप हवं, बाई. दोन मिनिटं आहेत."

"मग आई चुकीचं बोलायची?"

"आई परीक्षेला बसली नव्हती."

तिला राग आला. पेन हातात घट्ट धरून ती कागदाकडे बघत राहिली. आईचा शब्द आपल्याच हातानं खोडायचा? वर्गातली पोरंही हूलीच म्हणतात. उद्या त्यांचंही खोडायचं? पण शाळा गेली, तर ती पोरंही जाणार होती. दोन मिनिटं संपत आली तसं तिनं 'ली'वर रेघ मारली आणि वर 'ला' लिहिलं.

"वाचून दाखवा आणि सही करा."

बायबीननं कागद उचलला आणि वाचलं, "ना हूली..."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"परीक्षा लेखी आहे, बाई," ते म्हणाले. "माझा कान जरा अधू आहे. करा सही."