विळीवर कापलेलं पुस्तक

आमच्याकडं दसरा जवळ आला की माणसं आभाळाकडं बघतात. सोयाबीन काढून पडलेलं असतं, कापूस फुटलेला असतो, आता पाऊस नको म्हणून जो तो हात जोडतो. आम्ही दोघी बहिणी मात्र पेपरच्या रविवारच्या पुरवणीकडं बघायचो. नव्या पुस्तकांच्या जाहिराती श्रावणापासून या दिवसांपर्यंत येतात. मी पालमला, आक्का पाथरीला. जाहिरात जिला आधी दिसेल तिनं दुसरीला फोन करायचा. माझ्या घरी पेपर आधी यजमानांच्या हातात जायचा, आणि त्यांचं राशिभविष्य वाचून होईपर्यंत आक्काचा फोन येऊन गेलेला असायचा.

आक्का माझी थोरली बहीण. पाथरीला दाजींचं बी-बियाण्यांचं दुकान, त्याच्या मागं घर. दाजी गल्ल्यावर बसायचे आणि ही आत पुस्तक घेऊन. भाजी करपली की दाजी दुकानातूनच ओरडायचे, तेव्हा ही पान दुमडून उठायची. मी शाळेत बाई होते, चार बुकं जास्त शिकलेली, पण वाचायचं वेड तिचं. माझं तिच्यामागं फरफटत गेलेलं.

पुस्तक आम्ही दोघींत एकच घ्यायचो. त्याची गंमत अशी. लग्नं होऊन नव्यानव्यानं दोघी दसऱ्याला माहेरी आलो होतो, आणि वडिलांनी परभणीहून एक नवंकोरं पुस्तक आणलं. मी म्हणाले, आधी मी. आक्का म्हणाली, थोरली मी. दुपारभर अबोला. आमच्यात खंडेनवमीला घरातली हत्यारं देवापुढं मांडून पुजतात, कोयता, कात्री, बायकांची विळी. पुस्तकंही तिथंच. तर आक्का उठली, देवापुढची विळी उचलली, ते पुस्तक मधोमध उघडलं आणि पाठीवरून सरळ पात्यावर ओढलं. दोन भाग. आईनं कपाळाला हात लावला. कार्टे, सरस्वती कापलीस, कुठं फेडशील हे पाप, असं म्हणत ती दिवसभर पुटपुटत होती. आक्का पहिला भाग घेऊन माळवदावर गेली. खाली मी दुसरा भाग धरून बसले, पण सुरुवात माहीत नसताना शेवट वाचायचा कसा? संध्याकाळपर्यंत तिची वाट बघितली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. पुस्तक दसऱ्याच्या आधी आणायचं, नवमीला विळीशेजारी पूजेत मांडायचं, दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की कापायचं. कापायचा मान तिचा. पहिला भाग आधी तिनं वाचायचा, मग ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पालमला धाडायचा; दुसरा माझ्याकडं, माझा वाचून झाला की तिच्याकडं. तिचा भाग माझ्या हातात पडल्याशिवाय मी पुढचं उघडायचं नाही, आणि ती पुढं कितीही गेली तरी तिनं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सगळं संपलं की मी दाभणानं पाठ शिवायची आणि खळ लावायची. माझ्या कपाटात अशी पुस्तकं ओळीनं उभी आहेत, पाठीवर गोधडीसारखे टाके.

त्यातल्या एका कादंबरीनं आमचा जीव खाल्ला. तिचे तीन भाग, म्हणजे तीन वेगळी पुस्तकं, निघणार होते. पहिल्या भागात एक बाई घर सोडते. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर ती भर दुपारी भावाच्या दारात येते आणि कडी वाजवते. तिथंच पुस्तक संपतं. आता दार उघडतं की नाही? आक्काचं म्हणणं, उघडणार. रक्ताचं नातं हाय, कितीबी रुसला तरी भाऊ हाय. मी म्हणायची, काही उघडत नाही, मी शाळेत असल्या बायका लय बघितल्यात. पोरांचे हात धरून दाखले मागायला यायच्या, माहेरानं दार लावलेल्या. यावर आम्ही इतकं भांडलो की दाजी म्हणायचे, त्या बाईला आपल्याच घरी आणा एकदाची.

तिसरा भाग दर वर्षी 'दसऱ्याला प्रसिद्ध होत आहे' असा छापून यायचा. परभणीला आमचा पुस्तकवाला आहे, दुकानात सगळी गाईडं आणि वह्या, फक्त आम्हा दोघींसाठी पुण्याहून मागवणारा. तो आम्हाला बघितलं की लांबूनच हात हलवायचा. औंदा बी न्हाई आलं, बाई. चिडत परत यायचो, आणि पुढच्या श्रावणात परत त्या जाहिरातीची वाट बघायला लागायचो. लाज नव्हती आम्हाला. खरं सांगू, वर्षभर मन कशाला तरी टांगून ठेवायला ते एक होतं.

गेल्या वर्षी भादव्यात आक्काच्या पोटात दुखायला लागलं. आम्लपित्त समजून सोडा पीत राहिली. नांदेडला नेलं, डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवलं. घरी न्या म्हणाले. दाजी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले आणि मी त्यांना उठा म्हणू शकले नाही.

आणि त्याच दसऱ्याला तो तिसरा भाग आला. मला वाटलं, देवानं निदान एवढं तरी ठेवलं. मी पुस्तक घेऊन पाथरीला गेले, नवमीला पूजा केली. दसऱ्याला आक्काला उशीला टेकवून बसवलं. विळी मी पायानं दाबून धरली, पुस्तकाला खालून आधार दिला, पण ओढलं तिनंच. कापताना तिचा जोर पुरला नाही आणि एक पान तिरपं फाटलं. ती हसली. म्हणाली, एवढं तुझ्या खळीनं चिकटव.

ती रोज थोडं थोडं वाचायची. औषधानं गुंगी यायची, तेच पान परत परत काढायची. दिवाळीच्या आठवडाभर आधी पहिला भाग तिनं माझ्या मांडीवर ठेवला आणि दुसरा उचलला. मी तेव्हा तिच्याजवळच राहत होते, त्यामुळं कंडक्टरची गरज नव्हती. भाऊबीजेच्या दुपारी दोघी एका खाटेवर वाचत होतो. माझ्या लक्षात येत होतं की बाई अजून दारातच उभी आहे. कडी वाजवली, आणि तेवढ्यात तिला सगळा जन्म आठवायला लागला. लहानपण, विहीर, लग्न, सासू. मी मनात म्हटलं, कळेल, दुसऱ्या तुकड्यात कळेल.

आक्कानं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं न बघता शेवटचं पान पुढं केलं. मी नको म्हणाले, रिवाज मोडू नको. तिनं नुसतंच बोट ठेवलं. खाली छापलं होतं, पूर्वार्ध समाप्त, उत्तरार्ध पुढील दसऱ्याला. अख्खं पुस्तक संपलं आणि बाई दारातच. तीन भागांचा वायदा करून ह्या बाबानं तिसऱ्याचेही दोन तुकडे केले होते. मला असा संताप आला की त्या लेखकाला मी तोंडात येईल ते बोलले. माझ्या शाळेतल्या पोरींनी ऐकलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

आक्का शांत होती.

"पुढल्या दसऱ्याला," ती म्हणाली. "तेवढं थांबावं लागंल बग."

मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

दिवाळीची सुट्टी सरून कचेऱ्या उघडल्यावर मी पुण्याला प्रकाशकाकडं फोन लावला. एक मुलगी बोलली, गोड आवाजाची. मी तिला सांगितलं, मला पुस्तक नको, पान नको, फक्त लेखकांना एवढंच विचारा की दार उघडतं का. हो किंवा नाही. माझ्या बहिणीकडं वेळ नाही. ती म्हणाली, सर अजून लिहितायत, पण मी विचारते, तुमचा नंबर द्या. मी दिला. वर दाजींचाही दिला.

त्यानंतर रोज सकाळी चहा पिताना आक्का विचारायची, फोन आला का गं? मी म्हणायची, येईल, मोठी माणसं, कामात असतील. फोन वाजला की मी धावत उचलायची आणि पलीकडून कुणीतरी ज्वारीच्या बियाण्याची चौकशी करायचं. मी परत एकदा पुण्याला लावला तर ती मुलगी रजेवर होती, आणि दुसऱ्या कुणाला काहीच माहीत नव्हतं. तिला दोष देत नाही. आपलं मरण दुसऱ्याच्या ध्यानात किती दिवस राहणार?

मार्गशीर्षात आक्काचं खाणं सुटलं. एका दुपारी तिला जरा हुशारी वाटली, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"पुस्तक आलं की पैला भाग माझाच बरं का. थोरली मी हाय. मी धाडल्याबगर तू पुढचं उघडायचं न्हाई."

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? संक्रांतीचे तीळ घरात यायच्या आधीच ती गेली.

औंदा श्रावणात उत्तरार्धाची जाहिरात आली. यजमानांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, छापू देत, मेल्यांनी कधी वेळ पाळलीय? आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रकाशकांनी वेळ पाळली. नवरात्रात घट बसले त्याच आठवड्यात परभणीच्या पुस्तकवाल्याचा फोन आला. आलं बाई तुमचं, म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, त्या बिचाऱ्याला आक्काचं कळलेलं नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. एवढी वर्षं आम्हाला झुलवलं आणि आता कसं नेमकं दसऱ्याला हजर! मला ते पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं. तरी अष्टमीला मी एस.टी.त बसले, परभणीला उतरून ते घेतलं आणि तशीच पाथरीला गेले.

दाजींनी देवापुढं विळी घासून मांडली होती. हळद-कुंकू त्यांनीच वाहिलेलं, पुरुषाच्या हाताचं, सांडलेलं. मी शेजारी पुस्तक ठेवलं. दसऱ्याला दुकानात चार माणसं सोनं द्यायला येऊन गेली, मग दाजी आत आले आणि पाट सरकवून माझ्यासमोर बसले. मी पुस्तक मधोमध उघडलं. पाठ पात्याला लावली आणि ओढली. इतक्या वर्षांत मी कधी कापलं नव्हतं. वाकडंच झालं.

पहिला भाग मी दाजींच्या हातात दिला. आता ह्याचं काय करू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिच्या खाटेवर उशाला ठेवा. त्यांनी ठेवला, वरून चादर नीट केली आणि ते बाहेर जाऊन गल्ल्यावर बसले. मी दुसरा भाग पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या गाडीनं पालमला आले.

तो भाग कपाटात आहे. दार उघडलं की नाही ते त्यात कुठंतरी छापलेलं आहे. ज्यासाठी आम्ही जन्मभर भांडलो ते माझ्या हाताच्या अंतरावर आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही, हेच सगळ्यात वाईट. उघडलं असेल तर मी हरले, हे सांगू कुणाला? उघडलं नसेल तर जिंकून करू काय? रविवारची पुरवणी आता मी उलटतही नाही. पुढल्या दसऱ्याला काय येणार याचं मला सोयरसुतक नाही. वाट बघणं म्हणजे आक्का होती, ती गेली.

परवा यजमानांनी कपाट उघडलं. तो तुकडा हातात घेतला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "वाचून टाक की. कामून जिवाला घोर लावून घेतीस?"

मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि होता तिथं ठेवला.

"पैला भाग अजून पाथरीहून आला न्हाई," मी म्हणाले.