फॉल न लावलेल्या साड्या

"उषा, आधी ते शटर ओढ," पटले काकू दुकानात शिरता शिरताच म्हणाल्या.

"काकू, भरदुपारी शटर ओढलं तर गल्लीतले लोक म्हणतील, उषा गेली. बोला तशाच."

माझं दुकान म्हणजे गोंदियाच्या बाजारात एक अरुंद खोली. ब्लाऊज, फॉल, पिको, अल्टर. अर्ध्या बायांची मापं मला तोंडपाठ आहेत आणि ती मी कोणाला सांगत नाही, म्हणून दुकान चालतं. पटले काकू जुन्या गिऱ्हाईक. त्या दिवशी त्यांच्या काखेत जांभळी साडी होती. ही जांभळी मी चांगली ओळखते. काकूंच्या नात्यातल्या कोणत्याही लग्नाचा अल्बम उघडा, काकू त्याच जांभळ्या साडीत उभ्या. तिचा फॉल मीच दोनदा बदलला होता.

"पुन्हा हिचाच फॉल?" मी विचारलं. "काकू, पोरीच्या लग्नात तरी हिला सुट्टी द्या."

काकू स्टुलावर बसल्या ते एकदम रडायलाच लागल्या. मी घाबरले. लग्न मोडलं की काय, असंच मनात आलं.

"मेघाचा फोन आला," त्या म्हणाल्या. मेघा त्यांची एकुलती एक पोरगी, नागपूरला नर्स आहे. "म्हणते, लग्नात तू माझ्या पहिल्या पगाराची साडी घाल. दुसरी घातली तर मी मांडवातच येणार नाही. आजच उषामावशीकडे फॉल लावायला दे म्हणते."

"मग द्या ना इकडे."

"कुठून देऊ? साडी हाय कुठं?"

"म्हणजे?"

"आहेरात देऊन टाकली वं मी!"

आता इथे थोडं थांबून सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही काकूंना वेडी म्हणाल. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावायची सुती पट्टी. तिने निऱ्या नीट पडतात आणि पायात अडकून काठ फाटत नाही. आमच्याकडच्या बायांचा एक अलिखित कायदा आहे. फॉल लागला की साडी तुमची झाली. फॉल लागला नाही तोवर ती कोणाचीच नाही, कधीही आहेरात पुढे सरकवता येते. त्यामुळे काकू नव्या साडीला फॉलच लावत नसत. उद्या अचानक कोणाचं लग्न निघालं तर? सगळी अलमारी पाहुण्यांसाठी, आणि काकूंसाठी ती एक जांभळी.

मेघाची साडी अशीच गेली होती. पोरीने पहिल्या पगारात स्वतःला चप्पलसुद्धा घेतली नाही, आईला साडी घेतली. नागपूरच्या गाडीच्या घाईत माझ्याकडे येऊन नुसता पिको करून गेली होती. पिको म्हणजे काठाचे धागे सुटू नयेत म्हणून मशीनवर मारतात ती बारीक शिलाई, चहा येईपर्यंत होते. फॉल हाताने टाचावा लागतो, त्याला वेळ लागतो. काकूंनी ती साडी कव्हरासकट कपाळाला लावली, अलमारीत ठेवली, आणि कधीतरी घाईघाईत आमगावच्या नणंदेच्या हातात दिली. उघडून न बघता. सगळी कव्हरं सारखीच. सगळ्यात वरचं मेघाचं होतं, हे नणंद गेल्यावर आठवलं.

"नणंदेला फोन लावा," मी म्हटलं. "स्पीकरवर."

"वहिनी, ती साडी ना?" नणंदबाई पलीकडून अगदी मजेत बोलत होत्या. "ती तर तुमच्या वास्तूले मी तुम्हालेच आणली. काऊन, फाटकी निघाली काय?"

"माहीच साडी मलेच आणून दिली?"

"मंग? तुम्हीच दिली होती. घरातली घरात राहिली, बिघडलं काय?"

काकूंनी फोन ठेवला. मला हसू आवरेना. काकूंनी डोळे वटारले.

"हसून राहिली? हाय ना, अलमारीतच हाय मग ती. पण कोणती, हे मले मालूम नाही."

एरवी काकूंना कोणती साडी कोणी दिली हे पाठ असतं. पण वास्तूला आलेल्या साड्या न उघडताच अलमारीत गेल्या होत्या, आणि घराला रंग दिला तेव्हा रंगवाल्यांनी सगळे गठ्ठे मिसळून ठेवले होते. रंगही नक्की आठवेना. मेंदी असेल, मोरपिशी असेल, पोपटी असेल.

"मेघाला विचारा."

"विचारलं तर तिले कळणार नाही काय की मी पाहलीच नाही!"

बात तर बरोबर होती. मलाही रंग आठवत नव्हता. माझ्या मशीनखालून इतक्या साड्या जातात की रंग डोक्यात राहत नाहीत. पण खूण राहते. गिऱ्हाइकाच्या साड्या मिसळू नयेत म्हणून मी पदराच्या आतल्या कोपऱ्यात रंगीत धाग्याचे दोन टाके घालते. कागदाची चिठ्ठी गळून पडते, टाके पडत नाहीत. पटल्यांच्या घरची खूण केशरी. अलमारीतल्या बाकी नव्या साड्या माझ्याकडे कधी आल्याच नव्हत्या, म्हणजे ज्या साडीच्या कोपऱ्यात केशरी टाके, ती मेघाची. पण त्यासाठी प्रत्येक साडी उलगडून बघणं आलं.

"मी येते शोधायला," मी म्हटलं. "पण एक अट आहे. सापडली तर ज्या साड्यांना मी म्हणेन, त्यांना फॉल लावायचा. मग मागे हटायचं नाही."

"कायले? त्या तर देण्याघेण्याच्या हायेत."

"मग शोधा तुम्हीच."

काकूंनी कबूल केलं, पण तोंड असं केलं की जणू मी किडनी मागितली.

काकूंची लोखंडी अलमारी परकराच्या नाडीने बांधलेली होती. दार बंद होत नव्हतं म्हणून नाडी. मी गाठ सोडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट कव्हरं आमच्या पायांवर कोसळली. बसायच्या खोलीत चटई घातली आणि आम्ही दोघी मांडी घालून बसलो. मी कव्हर फाडायचं, साडी उलगडायची, पदराचा कोपरा बघायचा, काकूंकडे द्यायची.

तिसऱ्या की चौथ्याच साडीला माझ्या बोटांना टाके लागले. बघते तर केशरी. सुंदर मेंदी रंग, काठ बारीक.

खरं म्हणजे तिथंच काम झालं होतं. पण मी अलमारीकडे बघितलं. अजून सगळी भरलेलीच. आता साडी काकूंच्या हातात दिली असती तर त्यांनी देवासमोर साखर ठेवली असती, नाडी परत बांधली असती, आणि मेघाच्या लग्नानंतर पुन्हा तीच जांभळी माझ्या टेबलावर आली असती. मी ती साडी गुपचूप मांडीखाली सरकवली.

"नाही ही," मी म्हटलं. "पुढची द्या."

सुरुवातीला काकू प्रत्येक साडीचा नुसता मालक सांगत होत्या. ही तिरोड्याच्या मामीची, ही देवरीवालीची. मग एक रेशमी साडी निघाली, चिंतामणी रंगाची. काकू थांबल्या.

"ही माह्या भावाची. राखीची." त्यांनी घडी सोडली, आणि घडीच्या रेघेवर साडी सरळ चरचरत फाटली. नुसत्या हाताने.

रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत दाबून ठेवलं की घडीवर विरतं. मधूनमधून नेसावं लागतं, निदान घडी तरी बदलावी लागते. हे मी गिऱ्हाइकांना सांगून थकले आहे. काकूंनी ती साडी मांडीवर घेतली.

"जपून ठेवली होती वं मी," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही घातली."

त्यानंतर काकूंचा हात बदलला. साडी आली की मालक नाही सांगायच्या, अंगावर धरून बघायच्या. मग उठून आरशापाशीच जाऊन उभ्या राहिल्या.

"हा रंग शोभते काय मले?"

"शोभते."

"अन् हा?"

"याच्यात तुम्ही भिंतीसारख्या दिसता. हा आहेराला ठेवा."

"लय बोलते तू!" म्हणत त्यांनी ती स्वतःच आहेराच्या बाजूला भिरकावली.

खोलीभर साड्या झाल्या. शेजारच्या भाभीने खिडकीतून डोकावून विचारलं, "काकीजी, सेल लगी है क्या?" काकू म्हणाल्या, "हाँ, पर बेचना नहीं है." नेसायच्या एकीकडे, द्यायच्या दुसरीकडे, विरलेल्या, गोधडीसाठी म्हणून, खाली. माझे पाय बधिर झाले होते, पण हलता येत नव्हतं. हलले की मेंदी रंग दिसला असता.

शेवटचं कव्हर संपलं. अलमारी रिकामी. काकू चटईवर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"नाही भेटली. आता पोरीले काय सांगू? तुह्या पहिल्या पगाराची किंमत आईले नाही समजली, असं सांगू?"

मला लाज वाटली. मी चटकन साडी ओढून काढली. "अहो ही बघा! इथं सरकली होती. केशरी टाके, बघा."

काकूंनी टाके बघितले. मग माझ्याकडे बघितलं. साडी छातीशी धरून तशाच बसल्या.

पुढचं काम माझं होतं. ही साडीही एका घडीवर विरायला लागली होती. तिथे मागून पातळ कापड देऊन बारीक टाके घातले, आणि काकूंना दाखवून ठेवलं की निऱ्या कुठून सुरू करायच्या, म्हणजे ती रेघ आत जाते. ब्लाऊजच्या वेळी भांडण झालं.

"जुन्याच मापाचं शिव."

"काकू, जुन्या मापाच्या काकू आता राहिल्या नाहीत."

"तू शिव. मी बसवते."

मी नव्या मापाचं शिवलं आणि जुन्या मापाचं आहे म्हणून सांगितलं. काकू खूश झाल्या. अटीप्रमाणे निवडलेल्या साड्यांना एकेक करून फॉल लावला. काकू दर वेळी गठ्ठा न्यायला यायच्या आणि उसासा टाकायच्या, "गेली ही पण हातची."

लग्नात मेघा नवरीच्या साडीत होती, मेकअप झालेला, रडायला बंदी. तिने आईला बघितलं, जवळ आली, पदराचा कोपरा उलटा केला आणि केशरी टाके बघितले. मग मेकअपचं जे व्हायचं ते झालं. मीही मागे उभी राहून रडले. फोटोवाला मात्र ओरडत होता की बॅकग्राउंडमध्ये बाई येऊन राहिली.

लग्नानंतर काकू भाजीला निघाल्या तरी नवीन साडी. मंदिरात नवीन, पतसंस्थेत नवीन. गल्लीत बोलायला लागले की पटले बाईंची पोरगी गेली अन् बाईला नटायचं सुचलं. काकूंनी ते मला येऊन सांगितलं, तेही फिरोजी साडीत, खूप आनंदाने.

एक दिवस त्या दुकानात आल्या आणि माझ्यासमोर एक कव्हर ठेवलं. "तुहा आहेर. लग्नात गडबडीत राहिला."

"कशाला काकू," म्हणत मी ते मागच्या फळीवर ठेवायला उचललं. माझ्या चुलतभावाकडे महिन्याभरात कार्य होतं, ते माझ्या मनात येऊन गेलं हे खरं.

"ठेवू नको. उघड. इथंच."

मी उघडलं. लिंबोणी रंगाची सुती साडी. खाली फॉल लावलेला. काकूंनी स्वतः हाताने टाचलेला. कुठे आत, कुठे बाहेर, धागा लालभडक.

"आता दे कोणाले देते ते," काकू म्हणाल्या.

मी त्या वाकड्यातिकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"अन् दुसऱ्याची साडी मांडीखाली घालते तं काठ बाहेर ठेवत नको जाऊ. मले तेव्हाच दिसला होता."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"कायले बोलू? इतक्या वर्षांनी मी आपल्या साड्या पाहून राहिली होती."

"अन् शेवटी रडल्या त्या?"

"रडली नसती तं तू काढली असती काय?"

असो. या धंद्यात मी एवढं शिकले की गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं असेल तर स्टुलावर बसून शिकवावं, मांडी घालून नाही. त्या लिंबोणी साडीचा फॉल मी अजून उसवला नाही. तीच नेसून दुकानात बसते. नवीन बाई आली आणि तिने खाली वाकून विचारलं की हा फॉल कोणी लावला, तर मी पटले काकूंचं घर दाखवते.