तेराव्याचा बेत

"येऊन जाईन एकदा," असं राव सार म्हणाले की आमच्या ऑफिसातली माणसं सावरून बसत. तुम्ही-आम्ही हे वाक्य रोज बोलतो आणि जात कुठेच नाही. ते जायचे. ज्याच्याकडे जायचे, त्याचं पुढे काही दिवस अन्नावरचं लक्ष उडायचं.

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात, हिशेब विभागात, त्यांची नि माझी टेबलं समोरासमोर होती. मी कोल्हापूरची, बदली होऊन चेन्नईत आलेली. ते तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले. सगळे त्यांना 'राव सार' म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी "काय करूलालीस मा?" असं विचारलं आणि मला आमच्याकडचं 'काय करालीस' आठवलं. इतक्या लांब येऊन कुणीतरी आपल्या गल्लीतलं भेटावं तसं वाटलं. आवाज मात्र फार खरखरीत होता. गळ्याशी दोन बोटं दाबल्याशिवाय शब्द बाहेर पडत नसे. त्यांना घशाचा कॅन्सर झाला होता. त्यातून ते उठले होते, आणि उठले ते सरळ सूड घ्यायलाच.

कॅन्सरवर त्यांचा राग नव्हता. "तो काय, आला नि गेला. त्यानं खोटं तोंड केलं नाही," असं ते म्हणत. राग होता तो आजारपणात भेटायला आलेल्यांवर.

मला हे लगेच पटलं, कारण माझ्या आईलाही कॅन्सर झाला होता. आमच्या घरी बायका यायच्या, आईसमोर बसून चुकचुकायच्या आणि आपल्या कुठल्या मावशीचं कसं झालं ते मरणापर्यंत सांगून जायच्या. आई वाचली. त्याच बायकांना तिनं पुढे चहा करून दिला, वर पोहेही दिले. त्या पोह्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्यामुळे राव सारांचा प्रत्येक सूड मी स्वतःचा समजून उपभोगला.

आमचे साहेब त्यांना हॉस्पिटलात बघायला गेले होते आणि म्हणाले होते, "माझ्या काकांचंही घशाचंच होतं. पोंगलपर्यंत टिकले बिचारे." पुढे साहेबांना नुसता ताप आला. राव सार हॉर्लिक्सची बाटली घेऊन हजर. खुर्ची पलंगाला लावली, साहेबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग गळ्याला बोटं लावून म्हणाले, "घरी सगळं सांगून ठेवलंय की नाही?" साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. ताप कधीच उतरला होता.

क्वार्टर्समधल्या शेजारणीनं त्यांच्या बायकोला विचारलं होतं, "मग आता तुम्ही मुलीकडे जाणार असाल ना? हे घर आमच्या भावाला मिळेल का बघा." त्या बाईंच्या नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा राव सार गेले आणि त्यांच्या घराच्या भिंती हातानं थापटून पाहत राहिले. "हवा चांगली आहे हो इकडे. तुम्ही कधी सोडणार?" त्यांची बायको, आम्ही तिला मामी म्हणत असू, कपाळाला हात लावायची. "मरणाच्या दारातून परत आलेला माणूस शांत होतो म्हणतात," ती मला म्हणाली. "आमचा भांडायलाच आला."

पण हे सगळे किरकोळ. खरा सूड राखून ठेवला होता तो थोरल्या भावासाठी.

हा भाऊ, अण्णा, चेन्नईतच तिरुवल्लिकेणीच्या जुन्या गल्लीत एकटाच राहायचा. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. राव सार बरे झाल्यावर एकदा देवळात गेले होते. तिथे त्यांच्या ओळखीचा आचारी भेटला. लग्नकार्याचा नि दिवसांचा स्वयंपाक तोच करायचा. ह्यांना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला आणि घाबरून तो खरं बोलून गेला. डॉक्टरांनी आशा सोडली त्या आठवड्यात अण्णा त्याच्याकडे येऊन गेले होते. ह्या महिन्यात दुसरं मोठं काम धरू नकोस म्हणाले होते. तेराव्याचा बेतसुद्धा ठरवला होता.

"माणूस जिवंत असताना आचारी सांगून ठेवला," राव सार मला म्हणाले. मग लगेच म्हणाले, "आणि पायसम कसलं सांगितलं, ठाऊक आहे? शेवयांचं. दुधात तांदूळ आटवून करतात ते नाही. शेवया! माझ्या तेराव्याला!" मला हसू आवरेना, पण ते हसत नव्हते. त्यांना भावाकडून एकच शब्द हवा होता, 'चुकलं'. तो अण्णा कधी बोलायचा नाही. जन्मात बोललेला नव्हता. म्हणून तो चारचौघांत काढून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

एका रविवारी त्यांनी जेवण घातलं. कशाचं ते कुणालाच सांगितलं नाही. आचारी तोच आणि बेतही तोच. क्वार्टर्सच्या गच्चीवर मांडव घातला, केळीची पानं मांडली. ऑफिसातले आम्ही होतो, नातेवाईक होते, आणि आजारपणात हॉर्लिक्स घेऊन भेटायला आलेले झाडून सगळे होते. अण्णाला मधल्या पानावर बसवलं. लुंगीसारखी नेसलेली पांढरीशुभ्र वेष्टी, वाकलेली पाठ. मी समोरच्याच रांगेत होते. खोटं कशाला सांगू, मला गंमत बघायची होती.

डांगर पच्चडी आली, केळफुलाची उसली आली, वडे आले. वडे पडले तेव्हा अण्णाचा हात थांबला. त्यानं आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी दुसरीकडे बघत होता. मग राव सार स्वतः पायसमचं भांडं घेऊन आले आणि अण्णाच्या पानासमोर उभे राहिले.

"तूच सांगितलेलंस, अण्णा," ते म्हणाले. एवढा खरखरीत आवाज, पण गच्चीच्या टोकापर्यंत पोचला. "माझ्या तेराव्याचं. खा. मी उरलो म्हणून माझ्या हातानं वाढूलालोंय."

पानांवरचे हात थांबले. मामी म्हणाली, "पुरे आता." राव सार हलले नाहीत.

अण्णा पानाकडे बघत होता. मग वडिलांचं काढून म्हणाला, "आप्पा गेले तेव्हा मी भिंतीला टेकून बसून राहिलो होतो. माणसं बोलावणं, भटजी, आचारी, सगळं तू केलंस. मला उठवलंही तूच. तू गेल्यावर मला कोण उठवणार होतं? म्हणून पायांत बळ होतं तेव्हाच जाऊन आलो."

"आणि शेवया?" राव सारांनी विचारलं. त्यांनी ते विचारायला नको होतं असं मला तेव्हाच वाटलं.

"तेराव्याला गेलेल्याच्या आवडीचं करतात," अण्णा म्हणाला. "हॉस्पिटलात तुला दुसरं काही गिळवत नव्हतं. रोज हेच मागायचास. मी सकाळी करून बसनं आणायचो. तुला शुद्ध नव्हती नीट."

राव सारांनी मामीकडे पाहिलं. मामीनं 'हो' म्हणून मान हलवली. हातातलं भांडं तसंच धरून ते उभे राहिले, आणि शेवटी अण्णानंच त्यांच्या हातातला डाव घेऊन स्वतःला वाढून घेतलं. 'चुकलं' हा शब्द त्या दिवशी कुणीच उच्चारला नाही.

सोमवारी ऑफिसात मी विचारलं, "मग, सोडून दिलंत ना?"

"कशाला सोडू?" ते फणकारले. "मला सांगायचं नव्हतं का आधी? इतकी वर्षं मी रागावून फुकट जळलो ना. हा वेगळा राग आहे. हा राहील." आणि तो राहिला. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावी लागली तेव्हा ते मामीला घेऊन राहायला गेले ते अण्णाच्याच घरात, वरच्या खोलीत. तिथून रोज खाली उतरून भांडायचे. मला फोनवर त्याची सगळी हकिगत सांगायचे आणि फार आनंदात सांगायचे.

गेल्या वर्षी अण्णा गेला. कॅन्सर नाही, काही नाही, दुपारी झोपला तो उठला नाही. मी तिरुवल्लिकेणीला भेटायला गेले. राव सार ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "फसवलं मा. तयारी माझी केली नि गेला तो." रडत नव्हते. भयंकर चिडलेले होते.

मी असतानाच आचारी आला. तेराव्याचं विचारायला आला होता. भाज्या ठरल्या, माणसं किती ते ठरलं. मग त्यानं साधेपणानं विचारलं, "पायसम कसलं करू? अण्णांना काय आवडायचं?"

राव सारांनी गळ्याला बोटं लावली. मग ती खाली घेतली. अण्णा कधी काय बोलला, कुठल्या लग्नात त्यानं कसा अपमान केला, लहानपणी कुणाच्या वाटणीचा फणस खाल्ला, ते सगळं त्यांना तोंडपाठ होतं, हे तेवढं नव्हतं. त्यांनी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "मी वाढीन ते खायचे. कधी बोलले नाहीत."

"उद्या ये," ते आचाऱ्याला म्हणाले.

माणसं येत होती. समोर बसत होती, चुकचुकत होती, आपापल्या घरची मरणं सांगत होती. मी राव सारांकडे बघत होते. आता ते कुणाला काय ऐकवतात असं मला वाटलं. पण ते प्रत्येकाचं बोलणं संपेपर्यंत थांबत, मग पुढे वाकत आणि त्या मोडक्या आवाजात विचारत, "अण्णाला गोडाचं काय आवडायचं, तुम्हाला काही ठाऊक आहे का?" मी बस पकडायला उठले तेव्हाही ते कुणालातरी हेच विचारत होते.