वन्संना दुखत नव्हतं

आज वन्संच्या शिलाई मशीनवर जुनी चादर टाकली. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दहा वर्षांच्या. शिवताना एकदा सुई नखातून आरपार गेली, तरी हूं की चूं नाही. मी कौतुकाने घरभर सांगितलं, "वन्सं फार सोशिक!" तेच नाव पडलं. मी देवाचे आभारसुद्धा मानले.

पुढे त्या पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवू लागल्या. मशीन हाच त्यांचा संसार. चालताना मात्र मान खाली, नजर पावलांवर.

"काय हरवलंय, वन्सं?"

"पाय हो, वहिनी. नजर काढली की सापडत नाहीत!"

आम्ही दोघी खो खो हसायचो.

गेल्या महिन्यात जमिनीवर लाल ठसे दिसले, मशीनपासून मोरीपर्यंत. मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "काय सांडलं हो?" तुटलेली सुई चपलेतून तळव्यात घुसली होती. दोन दिवस त्याच पायाने मशीन चालली होती. जखम हाडापर्यंत चिघळत गेली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रक्ताला लाल करणारं, लोह असलेलं हीम प्रत्येक पेशीला लागतं, पण जास्तीचं साचलं तर निखाऱ्यासारखं आतून जाळतं. ते बाहेर नेणारं एक प्रथिन असतं, वन्संचं जन्मापासून अधू. म्हणून दुखणं कळत नाही, पाऊल कुठे पडलं ते कळत नाही, नजरही कडेकडेने विझत चालली आहे.

"पण रक्ताचा रिपोर्ट तर चांगला आलाय," हे म्हणाले.

"रक्ताचं निभावलं. नसांना नाही सोसलं."

मंगळवारी ते उजवं पाऊल कापावं लागलं. पट्टी बदलायला नर्स आली, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून गेलं, "आमच्या वन्सं सोशिक आहेत हो."

वन्संनी माझा हात धरला. "सोशिक नका म्हणू, वहिनी. सोसायला आधी दुखावं लागतं." मग विचारलं, "हाताने फिरवायची मशीन मिळते ना अजून?"

मी हो म्हटलं. डोळ्यांचं काय होणार, ते त्यांनाही ठाऊक आहे.

इतकी वर्षं रोज मागत आले, देवा, घरात कुणाला दुखू नये. आज हात जोडले आणि म्हटलं, त्यांना एक कळ दे. बारीकशी चालेल.

मशीनच्या सुईखाली एका गणवेशाची बाही अर्धी राहिली आहे. ती सोडवायचा धीर झाला नाही. तशीच झाकली.