आजीचा वाटा

मंडळी, दुपारपासून डोकं भणभणतंय.

बाबा गेल्या महिन्यात गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. डोंबिवलीचा फ्लॅट आई, दादा आणि माझ्या नावावर करायचा म्हणून सकाळी आम्ही दोघं भावंडं ठाण्यात वकिलांकडे गेलेलो. त्यांनी विचारलं, "वडिलांची आई आहे का? त्यांचाही तुमच्याइतकाच वाटा लागतो."

आहे ना आजी. खडवलीच्या वृद्धाश्रमात आहे. त्याच फ्लॅटमध्ये तिला जागा होत नव्हती.

दादा लगेच म्हणाला, "चल, आजच जाऊ. हक्क सोडते अशी सही देईल ती." एरवी खडवली लांब पडायची. आज वकिलांकडून थेट तिथेच गेलो.

आम्हाला बघून आजी केवढी खूश झाली! मग आमच्या मागे दाराकडे बघत म्हणाली, "बाळू नाही आला रे?"

बाळू म्हणजे बाबा. ते गेल्याचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. "या वयात तिला सोसणार नाही," असं घरात ठरलेलं.

दादा हळूच मला म्हणाला, "आता सांगायलाच लागेल गं. त्याशिवाय सही कशी मागणार?"

तुम्हीच सांगा, ही सही लागली नसती, तर आपला मुलगा गेला हे त्या बाईला कधी कळलं असतं?